टेबलाची जागा

दलाल आमच्या हॉलच्या मधोमध उभा राहिला, कमरेवर हात ठेवून त्याने चारी भिंतींकडे बघितलं आणि म्हणाला, "आंटीजी, सबसे पहले तो ये टेबल हटवाओ."

टेबल म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. सागवानी, जाडजूड पायांचं. हे बागलीच्या कोर्टात रीडर होते तेव्हा तिथल्या सुताराकडून करून घेतलेलं. हे म्हणजे माझे यजमान. लग्नाला उभा जन्म गेला, पण आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती आणि आता नव्याने सवय लावून घ्यायचं माझं वय नाही.

"टेबल हलणार नाही!" हे आतल्या खोलीतून ओरडले.

"अंकल, आधा सामान हटा दो तो मकान डबल दिखेगा," दलाल शांतपणे म्हणाला. "पार्टी को जगह दिखानी है, सामान थोड़ी."

मला त्याचं म्हणणं पटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला कोणाचंही पटलं असतं, इतकी मला देवासचं घर विकायची घाई झाली होती. घाई कसली, भीती होती. ती आधी सांगते.

धारला माझे थोरले दीर राहायचे. हुशार माणूस, कॉलेजात गणित शिकवलेलं. शेवटच्या वर्षांत त्यांचं सगळं पुसलं गेलं. आधी किल्ल्या हरवायला लागल्या, मग नावं, मग बायको. स्वतःच्याच पलंगावर बसून माझ्या जावेला म्हणायचे, "बाई, फार उशीर झाला हो, मला माझ्या घरी सोडता का?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. जाऊबाई "हो, सोडते हं" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. दीर गेले, आणि त्यानंतर मी आमच्या ह्यांच्याकडे चोरून बघायला लागले. सख्खा भाऊ ना! रक्त एकच. हे चष्मा कुठे ठेवला ते विसरले तरी मी हातातलं काम टाकून बघत राहायचे.

आणि तशी वेळ आली असती तर मी एकटी देवासला काय करणार होते? मुलगी नागपूरला, तिच्या व्यापात. इथे एवढं घर, वर गच्ची, माझे गुडघे बोंबलतायत. उद्या ह्यांनी मला ओळखलं नाही, दार उघडून रस्त्याला लागले, तर हाक कोणाला मारू? जाऊबाईंनी हे सगळं एकदा निभावलं होतं. त्यांच्या शेजारच्याच दोन खोल्या विकाऊ आहेत, तळमजल्यावर, असं कळलं आणि मी मनाशी ठरवून टाकलं. ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे तोवर इथलं घर विकायचं आणि धारला जायचं. ह्यांना मात्र कारण सांगितलं ते गुडघ्यांचं.

"ठीक आहे," हे म्हणाले. "पण निघेपर्यंत एक वस्तू जागची हलवायची नाही."

"असं कसं? लोकांना घर दाखवायचं तर आवरायला नको?"

"आवर. हलवू नकोस."

आता ह्याला काय अर्थ आहे, सांगा! म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं म्हणून मी ते कानाआड केलं. हे एक दिवस दाढी-कटिंगला गेलेले बघून दलालाची माणसं बोलावली आणि टेबल उचलून मागच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं. पाठोपाठ हॉलमधली लोखंडी आलमारी, शिलाई मशीन आणि वर्तमानपत्रांची तिपाई. हे घरी आले. दारातच थांबले. हात जरासा पुढे केला आणि तसाच धरून राहिले.

"काय केलंस हे?" ओरडले नाहीत. अगदी बारीक आवाजात विचारलं, आणि ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"बघा तरी, किती मोकळं झालं!" मी म्हणाले. ते भिंतीच्या कडेकडेने आत गेले आणि पलंगावर जाऊन बसले.

मग रंगवाला आला. आमच्या भिंतींना कमरेपर्यंत गडद हिरवा ऑइल पेंट होता आणि दारांच्या चौकटी चॉकलेटी. दलाल म्हणाला, पुराना फैशन है, सब सफेद करवा दो. सगळं पांढरं झालं. भिंती, चौकटी, दारं, एकजात पांढरी. स्वयंपाकघरात जाताना एक पायरी उतरावी लागते, तिच्या कडेला लाल पट्टा होता. त्यावरही मी हौसेने पांढरी चकचकीत फरशी बसवून घेतली. पायरीशी टाकलेलं लाल पायपुसणंही उचललं. फरशी ॲसिडने घासून घेतली, टेबलाच्या पायांचे काळे डाग पार निघाले. घर असं उजळलं म्हणता! लग्न होऊन आल्यापासून मी इतकं सुंदर घर बघितलं नव्हतं, आणि ते माझंच होतं.

आणि त्याच सुंदर घरात माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत बिघडायला लागला.

पहिल्यांदा चौकटीला खांदा आपटला. मग पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवायला गेले आणि अधांतरीच सोडला. चहाचा कप खुर्चीशेजारच्या हवेत ठेवला. म्हणजे जिथे पूर्वी तिपाई होती तिथे. कप फुटला, मी "अहो!" म्हणून किंचाळले, तर माझ्यावरच डाफरले, "कोणी सांगितले होते नसते उद्योग?" हे चिडखोर कधीच नव्हते. कोर्टात आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं वाचून दाखवलेला माणूस, घरात आवाज म्हणून चढवायचे नाहीत.

पण माझ्या काळजाचं पाणी झालं ते नैवेद्यामुळे. आमच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा हॉलच्या आग्नेय कोपऱ्याजवळ एका फरशीखाली वास्तुपुरुष पुरलेला आहे. रोज दुपारी पानं वाढली की हे भाताची चार शितं आणि तुपाचा थेंब घेऊन उठतात, त्या फरशीवर ठेवतात, हात जोडतात, आणि मगच जेवायला बसतात. ताप असला तरी चुकलेलं नाही. त्या दुपारी मी पोळ्या आणायला गेले आणि येऊन बघते तर शितं भलत्याच फरशीवर. कोपरा राहिला बाजूला, हे खोलीच्या जवळजवळ मध्यावर हात जोडून उभे.

"अहो, तिथे काय?"

"का? काय झालं?"

"वास्तुपुरुष तिकडे आहे ना!"

ह्यांनी खाली बघितलं, वाकले, शितं बोटांनी गोळा केली. चेहरा पांढरा पडलेला. "लक्ष नव्हतं," म्हणाले. जेवले नाहीत धड. मीसुद्धा घास नुसता फिरवत बसले. माझ्या मनात एकच: आलं. आमच्याही घरात आलं.

मी परीक्षा घ्यायला लागले. आज वार कोणता? जाऊबाईंच्या नातीचं नाव काय? तेराचा पाढा येतो का हो तुम्हाला अजून? हे तेराचा पाढा घडाघडा म्हणाले आणि विचारलं, "तुला काय मॅट्रिकला बसायचंय?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पाढे दिरांनाही शेवटपर्यंत येत होते, बायको ओळखू येत नव्हती. मी मोरीत जाऊन जाऊबाईंना फोन लावला, नळ सोडून, म्हणजे ह्यांना ऐकू जाऊ नये.

"जाऊबाई, तुमच्याकडे सुरुवात कशी झाली होती हो?"

 त्या म्हणाल्या, "वस्तू भलत्या ठिकाणी ठेवायचे. आणि चिडायचे फार. का गं?"

"काही नाही, सहज," मी म्हणाले आणि खाली बसले. नळ वाहत होता, तो बंद करायचं सुचलं नाही.

त्यात एका संध्याकाळी हे हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "हे आपलं घर वाटतच नाही गं." कोणीही म्हणेल असं साधं वाक्य, नवीन रंग दिला की लोक म्हणतातच. माझ्या मात्र अंगावर सरसरून काटा आला. पलंगावर बसलेले दीर डोळ्यांपुढे आले. रात्र रात्र मी ह्यांच्या शेजारी कान टवकारून पडून असायचे, हे उठून दाराकडे जातात की काय म्हणून.

रविवारी सकाळी दलालाचा फोन आला. बागलीचं एक जोडपं घर बघायला येतंय, मुलांच्या शाळेसाठी त्यांना देवासला यायचंय, एकदम बढिया पार्टी है. ही माणसं आली आणि हे त्यांच्यासमोर काही भलतं बोलले तर? "मला घरी सोडा" म्हणाले तर? सगळ्या गावात बोभाटा होईल. घर राहील बाजूला, माणसाची शोभा होईल.

"तुम्ही आपले खुर्चीत बसा," मी ह्यांना इस्त्रीचा सदरा घालायला देत म्हणाले. "नमस्ते म्हणा. बाकी मी बघते."

"माझं घर मी दाखवणार," हे म्हणाले.

"अहो, पण..."

"मी बांधलंय ते."

वाद घालायला वेळच नव्हता. मी घाईघाईने दलालाने सांगितलेली सजावट केली. कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर कुंडी ठेवली, पोहे झाकून ठेवले, उदबत्ती लावली. जोडपं आलं. तरुण होती दोघं, साधी, चांगली. त्या मुलीने आत पाऊल टाकताच "अरे वा, कित्ता खुला खुला है!" म्हटलं. दलालाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"आइए," हे म्हणाले आणि पुढे निघाले.

आणि मी बघितलं. हे सरळ चालत हॉलच्या मध्यापर्यंत आले आणि वळसा घेतला. मोकळ्या जागेत! खोलीत काहीच नव्हतं आणि हे एका मोठ्या, लांब वस्तूला वळसा घालून चालत होते. डावा हात कमरेइतका खाली, बोटं पसरलेली, हवेतल्या कडेवरून सरकवावीत तशी. ते पाहुणे मागून सरळ चालत आले आणि ह्यांच्याआधी पोहोचले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"यहाँ नीचे हमारे वास्तुपुरुष हैं," हे अभिमानाने सांगत होते. "आप आएँगे तो इनको रोज़ थोड़ा भात..." आणि तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. उजव्या पायाचा अंगठा फरशीवर हळूहळू फिरत होता. इकडे, तिकडे, परत इकडे. चेहरा पाहुण्यांकडे, तोंडाने वास्तुपुरुषाची माहिती, आणि खाली अंगठा काहीतरी शोधतोय. सापडत नव्हतं. कपाळावर घाम आला होता.

अगो बाई! ते टेबलाचा पाय शोधत होते.

टेबलाचा पाय लागला की त्याच्या डावीकडची फरशी. अशी ती रोज सापडायची. मी टेबल काढलं आणि फरशी हरवली. ह्यांच्या डोक्यातून काही गेलं नव्हतं, सगळं घर जिथल्या तिथे होतं. त्यांना दिसत नव्हतं!

पुढचं सगळं फार भराभर झालं. हे कोपऱ्याकडे सरकले, पाय स्टुलाला लागला, कुंडी पडली, मातीच माती. "यहाँ तो कुछ नहीं था," हे पुटपुटले आणि मागे वळून स्वयंपाकघराकडे निघाले, भरभर, लाज वाटल्यावर माणूस चालतो तसे. समोर ती पांढरी पायरी. पांढऱ्यात पांढरी. मी धावले आणि मागून सदरा पकडला. काखेतली शिवण टर्रकन उसवली. हे एक पाय अधांतरी धरून तसेच उभे राहिले, माझ्या मुठीत.

"चक्कर आती है इनको कभी कभी," मी पाहुण्यांना सांगितलं. त्या मुलीने खाली बसून कुंडीची माती गोळा केली. पोहे कोणी खाल्ले, कोणी नाही, मला आठवत नाही.

ते सगळे गेल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "कधीपासून?"

हे खुर्चीत बसले होते, उसवलेल्या सदऱ्यात. खोटं बोलले नाहीत. काचबिंदू. गेल्या वर्षी पेन्शनच्या कामाला म्हणून इंदूरला गेले होते ना, ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. समोरचं दिसतं, पेपर वाचता येतो. बाजूचं काही नाही, पायाखालचं नाही. पाइपातून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही आणि पाइप बारीक होत जाणार. थेंब कोटाच्या खिशात.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू आधीच इतकी घाबरलेली असतेस. माझ्याकडे चोरून बघतेस. मला वाटलं, तुला संशय आलाय."

"मला वाटलं तुम्हाला भाऊजींसारखं झालं!" मी ओरडले. "मी इथे रोज मरतेय! पाढे काय विचारते, वार काय विचारते! आणि तुम्ही..." पुढे हसू फुटलं की रडू, ते मलाच कळेना. डोळेच ना! मला ओळखतायत ना! एवढं समाधान मला लग्नात झालं नसेल. पण ते फार तर चहा गाळून होईपर्यंत टिकलं. कप ह्यांच्या हातात दिला, तर ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आधी एका हाताने, मग दुसऱ्याने चाचपून, आणि मला दुसरी भीती लागली. पहिली निदान खोटी होती.

संध्याकाळी दलालाचा फोन. पार्टीला घर पसंत आहे. "नहीं देना," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तो तिकडे "अरे आंटीजी, आंटीजी" करत राहिला असेल.

"उद्या माणसं बोलावते," मी ह्यांना सांगितलं. "टेबल जागेवर, आलमारी जागेवर. चौकटी परत चॉकलेटी करू. इथेच राहायचं. हे घर तुम्हाला पाठ आहे."

देवीच्या टेकडीवर आरती सुरू झाली होती, भोंग्याचा आवाज येत होता.

"घर देऊन टाक त्यांना," हे म्हणाले.

"वेड लागलंय का?"

"अगं, ऐक. अजून समोरचं दिसतंय. आहे तेवढ्यात धारचं घर पाठ करून घेतो. मला काय, इथे बरंच आहे. पण उद्या तुझे गुडघे खरंच गेले आणि मला काही दिसत नसताना तिकडे न्यावं लागलं, तर मला तिथे काही सापडणार नाही. पलंगावर बसून तुला म्हणेन, मला माझ्या घरी सोड."

भावाचं ते वाक्य ह्यांनीही ऐकलं होतं. कधी बोलले नव्हते.

आम्ही घर दिलं. त्या बागलीच्या मुलीला मी वास्तुपुरुषाची फरशी हात धरून दाखवली. तिने तिथल्या तिथे तीवर कुंकवाचं बोट लावलं.

धारला आधी टेबल आलं, मग बाकीचं. भटजी वास्तुशांतीला आले, त्यांनी आग्नेय कोपरा दाखवला. मी म्हटलं, थांबा. टेबल आणून तिथे लावलं, ह्यांना त्याच्या कडेने चालवलं, ह्यांचा अंगठा पायाला लागला, आणि मग त्याच्या डावीकडची फरशी उकरायला सांगितली. भटजी म्हणाले, असं कुठे असतं का? मी म्हणाले, आमच्याकडे असतं. चौकटींना चॉकलेटी रंग दिला, उंबऱ्याला लाल पट्टा. हे दिवसभर घरभर फिरायचे, हात लावत, भिंतीशी थांबत, डोळे मिटून परत तेच. मी भाजी निवडत बघत बसायचे आणि पाइप आज किती उरला असेल ह्या विचाराने माझा हात थांबायचा. विचारायची हिंमत नव्हती. अजून नाही.

परवा जाऊबाई केर काढायला आल्या होत्या, माझे गुडघे धरले होते म्हणून. मी ओट्यापाशी पोळ्या करत होते आणि फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. तशीच धावले. त्यांनी टेबल भिंतीकडे सरकवलं होतं, खालचा कचरा काढायला.

"आधी जागेवर ठेवा!" मी ओरडले. थोरल्या जावेवर, जन्मात पहिल्यांदा. "आत्ताच्या आत्ता! ते न्हाणीत आहेत, येतील बाहेर!"

त्या बघतच राहिल्या. मग झाडू टाकून त्यांनी एक बाजू धरली, मी दुसरी. दोघी म्हाताऱ्यांनी दात-ओठ खात ते धूड ओढलं. कुठे होतं? इथे? नाही, अजून जरा अलीकडे. न्हाणीची कडी वाजली.

हे पंचा खांद्यावर टाकून बाहेर आले. तीन पावलं टाकून डावा हात खाली केला. बोटं कडेवर टेकली. कडेवरून सरकत सरकत ते कोपऱ्यापर्यंत आले, वळले आणि नाकाने हुंगत मला म्हणाले, "काय गं, काय जळतंय?"

"पोळी," मी म्हणाले.